आहे तसं परत येतं

देवळाली प्रवरात बाजारतळाच्या मागं गाळ्यांची एक ओळ आहे. शेवटून दुसऱ्या गाळ्यावर ‘जोसेफ ऑनलाईन’ अशी पाटी आहे. पाटीवर जोसेफ असला तरी आत खुर्चीवर सत्यशीला बसते. जोसेफ तिचा थोरला भाऊ. पुण्याला जाताना तो तिला म्हणाला होता, “चार दिवस बस. माझं तिकडं जमतंय का बघतो. न्हाई जमलं तर येतोच.” त्याचं तिकडं जमलं. लग्न झालं, मुलगी झाली, तिचं नाव जेनिफर ठेवलं, ती शाळेतही जायला लागली. सत्यशीलाचे चार दिवस अजून चालूच आहेत.

गाळा अरुंद आहे. मागच्या भिंतीला खिडकी नाही. जोसेफनं टेबल करून घेतलं ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आतल्या माणसाला बाहेर पडायचं असेल तर टेबलाची एक फळी उचलावी लागते, आणि फळी उचलायची तर समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला आधी उठवावं लागतं. जोसेफ असताना या गोष्टीचं हसू व्हायचं. सत्यशीलाच्या काळात तिचं कुणाला काही वाटेनासं झालं. ती सकाळी आत शिरते आणि बहुधा दिवे लागताना बाहेर येते. हंगामात उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं दणदणत जातात, शेतात पाचट जाळलेलं असतं, त्याच्या काळ्या काजळ्या उडत येऊन की-बोर्डवर बसतात. ती फुंकर मारते. काजळी उडून तिच्याच पदरावर पडते.

गावात या गाळ्याचं नाव आहे ते वेगासाठी. दुसरीकडं गोल फिरत बसणारं पान इथं पटकन उघडतं. गहिनीनाथ म्हणून एक म्हातारे शेतकरी उताऱ्यासाठी येत, त्यांनी एकदा विचारलंच.

“काय गं सत्यशीला, नातवाच्या मोबाईलवर ह्येच पान उघडस्तवर माझा च्या पिऊन हुतो. तुझ्याकडं मातर चुटकी वाजवली की हजर. तू काय मंतर घालती का?”

“काका, तुमच्या घरात हळदीचं पोतं कुठं असतं?”

“माळ्यावर.”

“मग फोडणी टाकताना काकू माळ्यावर चढत्यात व्हय?”

“चढली तर आमालाच उतरवून घ्यावं लागंल. मिसळणाचा डबा असतो की वट्यावर.”

“तसंच हाय हे. ही वेबसाईट लांब कुठंतरी ठेवलेली असती. एकदा मागवली की तिच्यातलं जे रोज बदलत न्हाई, वरचं चिन्ह, चित्रं, रंग, अक्षरांचं वळण, ते हा कॉम्प्युटर आपल्याजवळ काढून ठेवतो. पुढच्या खेपेला तेवढं जवळनं घ्यायचं आणि नवीन असंल तेवढंच लांबनं आणायचं. ह्याला कॅशे म्हणत्यात. तुमच्या नातवाच्या मोबाईलमध्ये जागा न्हाई. सगळी गाण्यांनी भरलीय. तो बिचारा दर वेळी माळ्यावर चढतो.”

“आन् हा साठवत ऱ्हायला तर डबा भरंल की.”

“भरला की जुनं टाकून देतो. तात्पुरतंच असतं ते.”

“आमच्या हिच्या डब्यात तळाला लगीन झाल्यापासूनची हळद असंल. वरनं वरनं भरती नुसती.”

बाकावरचे सगळे हसले. सत्यशीलाही हसली. “तेवढंच बघायचं असतं काका,” ती म्हणाली. “जवळचं लवकर मिळतं, पण शिळं असू शकतं. शंका आली की ताजं मागवायचं.” तिनं वरच्या ओळीतलं एक बटन दाबलं. पान क्षणभर पांढरं झालं, थोडं थांबलं आणि पुन्हा आलं. गिऱ्हाइकाचं काम असलं की ते बटन ती न चुकता दाबत असे.

तिला हे सगळं आवडे. कॉलेजात शिकली तेव्हाही याच भागात तिचं मन रमलं होतं. कॉम्प्युटरच्या पोटातसुद्धा असंच आहे. मोठा साठा लांब आणि संथ. त्याच्या अलीकडं छोटा साठा, वीज गेली की रिकामा होणारा. त्याच्याही अलीकडं, विचार करणाऱ्या भागाला अगदी चिकटून, एक इवलासा कोनाडा. आत्ता हातात लागणार तेवढंच त्यात राहतं. जितकं जवळ तितकं थोडं आणि तितकंच चंचल. सगळा वेग त्या कोनाड्याच्या जिवावर असतो. कोनाड्याला मात्र स्वतःचं असं काही नसतं. त्यात जे आहे ते दुसरीकडचं असतं आणि दुसऱ्यासाठी ठेवलेलं असतं.

ती स्वतः गावाचा तसाच कोनाडा होऊन बसली होती.

हे कधी झालं ते तिला कळलं नाही. लोक पेटीतले कागद आणायचा कंटाळा करत. सत्यशीलाला एकदा सांगितलेलं आठवतं, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. कुणाचा आधार नंबर, कुणाची जन्मतारीख, कुणाच्या खात्याचे शेवटचे आकडे, कुणी पासवर्ड म्हणून बैलाचं नाव ठेवलंय आणि कुणी सुनेचं. गिऱ्हाईक समोर बसलं की तिची बोटं आपोआप चालू लागत. पेन्शनवाल्या बनुबाई तर नुसता पदर सावरून बसत आणि म्हणत, “टाक माझं.”

“मावशी, नंबर पाठ करा की एकदा.”

“कशाला? तू हायेस ना.”

तू हायेस ना. हे वाक्य दिवसातून कितीदा कानावर येई. सगळे ते प्रेमानं म्हणत. फळी खाली पडावी तसं ते पडे.

मागच्या दिवाळीच्या आधी तिनं एक अर्ज भरला. करमाळ्याच्या पुढं मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथं कॉम्प्युटर शिकवणारी बाई हवी होती. राहायला आवारातच दोन खोल्या होत्या. वयाच्या अटीत ती यंदा जेमतेम बसत होती. पुढच्या वर्षी बसणार नव्हती. परीक्षेसाठी ती सोलापूरला जाऊन आली. गाळा त्या दिवशी बंद होता. दुसऱ्या दिवशी लोक असे रागावले की जणू गावची विहीर कुणीतरी झाकून ठेवली होती.

आईला तिनं सांगितलं. आईचं नाव हन्ना. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून आयुष्य काढलेली बाई. गुडघे दुखतात, तरी रविवारी मिशनच्या देवळात पहिल्या बाकावर असते. सत्यशीलाला वाटलं होतं, आई घर सोडायला तयार होणार नाही. हन्ना तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत म्हणाली, “तिथं चर्च हाय का जवळ?”

“हाय म्हणतात. तालुक्याला.”

“मग मी येते. ह्या घरात मला तरी कोण हाय? तू सकाळी जातीस ती दिवे लागल्यावर येतीस. तिथं निदान पोरींचा आवाज तरी असंल.”

मग रोज संध्याकाळी हन्नाचा एकच प्रश्न असे, “लागली का यादी?”

“न्हाई.”

“लागंल. मी सामानाचं काय काय न्यायचं ते ठरवून ठेवलंय.”

यादी शाळेच्या वेबसाईटवर लागणार होती. ते पान सत्यशीलानं उघडून ठेवलं होतं, सगळ्या पानांच्या आधी, डाव्या कडेला. ‘निवड यादी लवकरच प्रसिद्ध करण्यात येईल.’ सुरुवातीला ती ते सारखं सारखं ताजं करून बघे. गिऱ्हाइकाचा फॉर्म भरता भरता, दोन बोटं मोकळी झाली की. दर वेळी तेच वाक्य येई आणि हातातला फॉर्म तसाच राही. म्हणून तिनं स्वतःला शिस्त लावली. सकाळी एकदाच बघायचं, दिवसभर त्याला हात लावायचा नाही.

आता जोसेफची एक पद्धत सांगायला हवी. गाळा बंद करताना तो कॉम्प्युटर रीतसर बंद करत नसे. सरळ विजेचा मेन खाली ओढायचा. एक तर तारांना उंदीर लागलेले, रात्री वीज चालू ठेवायची भीती. दुसरं म्हणजे सकाळी मेन वर केला की ब्राऊझर विचारतो, अचानक बंद पडलो होतो, कालची पानं परत आणू का? हो म्हटलं की सगळी पानं एका झपाट्यात हजर. “बंद करत बसू नको,” जाताना त्यानं शिकवलं होतं. “बटन पाड आणि जा. सकाळी आहे तसं परत येतं.” सत्यशीलानं ते तसंच चालू ठेवलं. शिकलेल्या बाईनं असं करू नये हे तिला कळत होतं. पण सकाळी गाळा उघडायच्या आधीच बाकावर लोक बसलेले असत, आणि ते एक बटन दाबलं की सगळा कालचा दिवस जागच्या जागी उभा राही.

त्या पानांबरोबर शाळेचं पानही येई. तिच्या डोळ्यांदेखत उघडे. आधी पांढरं, मग वरचं निळं चिन्ह, मग वाक्य. लवकरच प्रसिद्ध करण्यात येईल. ती वाचे, मान हलवे आणि पहिल्या गिऱ्हाइकाकडं वळे. पान समोर उघडताना दिसलं म्हणजे ते लांबून, आत्ता, तिच्यासाठी आलं, असंच तिला वाटत होतं. ते कुठूनही येत नव्हतं. कालची पानं परत आणताना ब्राऊझर शक्यतो लांबच्या साठ्याला काही विचारत नाही. जवळ ठेवलेलंच काढून दाखवतो. गहिनीनाथांना तिनंच समजावलेली ही गोष्ट. दुसऱ्याच्या कामात ती एकदाही विसरली नव्हती.

एका दुपारी सृष्टी आली. पलीकडच्या गल्लीतली, कॉलेजात शिकणारी, बोलायला फटकळ पोरगी. समोर बनुबाई बसल्या होत्या. त्यांच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेत नव्हतं म्हणून सत्यशीला त्यांचं बोट ओल्या फडक्यानं पुसत होती.

“ताई, पेढे कुठायत?” सृष्टी दारातूनच ओरडली.

“कसले?”

“कसले म्हणजे? नाव लागलं की तुमचं! आमच्या मामाच्या पोरीनंबी फॉर्म भरला हुता ना त्याच शाळेचा. तिचं न्हाई लागलं. रडती तिकडं. मी यादी वाचत गेले तर तुमचं नाव. तिसरं.”

“यादी लागलीच न्हाई अजून,” सत्यशीला हसून म्हणाली. “मी रोज बघते. हे बघ.” तिनं डाव्या कडेचं पान पुढं आणलं. लवकरच प्रसिद्ध करण्यात येईल.

सृष्टीनं आपला मोबाईल त्या पडद्याशेजारी धरला. तेच निळं चिन्ह, तेच शाळेचं नाव. खाली यादी. त्यात सत्यशीला शांतवन असं तिचं आणि तिच्या गेलेल्या वडिलांचं नाव.

सत्यशीलानं बनुबाईंचं बोट सोडलं आणि वरचं बटन दाबलं. पान पांढरं झालं. या वेळी ते खरंच लांबून येत होतं, म्हणून थांबलं. मग आलं. यादी, तिचं नाव, नावासमोर हिरवं बटन. संमती नोंदवा. आणि खाली बारीक अक्षरात, मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. न नोंदवल्यास पुढील उमेदवारास संधी देण्यात येईल.

“हे कधी लागलं?” तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“झाले की बरेच दिवस. मला वाटलं तुमी गुपचूप बॅग भरताय.”

“आगं माझं बोट वाळलं,” बनुबाई म्हणाल्या.

“थांबा मावशी.”

तिनं हिरवं बटन दाबलं. नोंदणीकृत मोबाईलवर एक क्रमांक पाठवला आहे, तो इथं लिहा. मोबाईलचे शेवटचे आकडे दिसत होते. ते आकडे जोसेफच्या मोबाईलचे होते. नोकरीच्या अर्जांचं तिचं खातं कधीतरी त्यानंच उघडून दिलेलं, गाळ्याचाच नंबर टाकून. पुढं तो नंबर त्याच्याबरोबर पुण्याला गेला. बदलायचं म्हणून ती कितीदा म्हणाली होती, पण बदलायचं तरी आधी जुन्या नंबरवर क्रमांक येतो, आणि दादा कामात असतो. तशी अडचणही कधी आली नव्हती. गाळ्याचं रोजचं लॉगिनसुद्धा त्याच नंबरवर चालतं. सकाळी ती फोन करून नुसतं “दादा, ओटीपी” म्हणते, तो दात घासता घासता आकडे सांगतो.

तिनं फोन लावला.

“दादा, ओटीपी.”

“कशाचा? सकाळी दिला की.”

“गाळ्याचा न्हाई, माझा हाय. शाळेची यादी लागली. नाव हाय माझं. आज शेवटचा दिवस. आत्ता पाठवलाय, बघ.”

पलीकडून कारखान्याच्या यंत्राचा घरघराट येत होता. मग अगदी कानाशी, त्याच्या मोबाईलमध्ये, मेसेज आल्याचा टुंग असा आवाज झाला. तिनं तो स्पष्ट ऐकला.

“आला का?”

“न्हाई आला.”

“दादा, वाजला आत्ता.”

“ते दुसरं. कंपनीच्या ग्रुपवर कायतरी टाकत असत्यात.”

“बघ तर खरं.”

“बघतो.” पण तो बघत नव्हता. फोन कानालाच होता, श्वास ऐकू येत होता. “कुठं म्हणलीस ही शाळा?”

“सांगितलं हुतं मी तुला. करमाळ्याच्या पुढं.”

“आन् आई?”

“येती म्हणाली. दोन खोल्या हायेत तिथं.”

“मग घर?”

“कुलूप लावायचं.”

“आन् सेंटर?”

तिनं घड्याळ बघितलं. पडद्यावर कोपऱ्यात वेळ उलटा मोजला जात होता.

“म्हंजे घराला कुलूप, सेंटरला कुलूप,” जोसेफ म्हणाला. “मग मी यायचं कुठं गं?”

“तू येणार हायेस का दादा?”

“येणार न्हाई असं मी कधी म्हणलो? इथलं काय खरं हाय का? आज हाय, उद्या गेटवर नोटीस लागती. मी त्या गाळ्याच्या भरवशावर इथं उभा हाय सत्या. तिथं तू बसलीय म्हणून मला रात्री झोप लागती.”

“दादा, आकडे सांग. मग बोलू आपण. वाट्टेल तेवढं बोलू.”

“चार दिवस थांब म्हण त्यांना. मी येतो, बसून ठरवू.”

“त्यांना म्हणता येत न्हाई तसं. मशीन हाय ते.”

“साहेब आले. करतो तुला.” आणि फोन बंद झाला.

पडद्यावरचा वेळ संपला. तिनं पुन्हा क्रमांक मागवला. फोन लावला, वाजून वाजून थांबला. पुन्हा मागवला. मग पानानं सांगितलं की प्रयत्नांची मर्यादा संपली, काही वेळानं या. शाळेच्या मदत क्रमांकावर तेच ते संगीत वाजत राहिलं. सृष्टी दारात उभी राहून स्वतःच्या मोबाईलवरून जोसेफला लावत होती. “ताई, माझाबी उचलंना. दुसऱ्या कुणाचा नंबर हाय का तिथला?” वहिनीचा होता. वहिनी म्हणाली, ते ड्युटीवर असताना मला न्हाई लागत त्यांचा फोन, काय झालं, आई बऱ्या हायेत ना?

गाळ्यात रेंज कमी येते. बाहेर जाऊन बोलावं म्हणून सत्यशीला उठली आणि फळीला हात घातला. फळीवर बनुबाईंचे दोन्ही कोपर टेकलेले होते.

“मावशी, जरा उठा.”

“माझं झालं का?”

“न्हाई झालं. मला बाहेर जाऊ द्या.”

“जाशील की. आधी माझा अंगठा घे. बँकेत जायची गाडी चुकंल माझी.”

सत्यशीला उभी राहिली. मग खाली बसली, बनुबाईंचं बोट हातात घेतलं, पुसलं, मशीनवर दाबलं. नंबर तिच्या बोटांनी टाकला. हिरवा दिवा लागला. बनुबाई समाधानानं उठल्या, फळी मोकळी झाली, पण तोवर शाळेच्या मदत क्रमांकाची वेळ संपली होती, बाहेर जाऊन उपयोग नव्हता. काही वेळानं पानानं तिला पुन्हा एकदा प्रयत्न करू दिला. क्रमांक गेला. पुण्यात कुठंतरी खिशात टुंग झालं असेल. कुणी उचललं नाही. पाच वाजून गेल्यावर तिनं हिरवं बटन दाबलं तेव्हा वेगळंच एक पान आलं, मुदत संपल्याचं. तिनं मागं जायचा बाण दाबला. मागचं यादीचं पान, हिरव्या बटनासकट, होतं तसंच होतं.

सृष्टी म्हणाली, “ताई, भांडा की त्यांच्याशी. असं कसं?”

“कुणाशी भांडू?” सत्यशीला म्हणाली. “पान रोज माझ्यासमोर हुतं.”

जोसेफचा फोन आला तेव्हा ती घरी होती. हन्ना बटाटे सोलत होती. तिला अजून काही सांगितलं नव्हतं.

“आत्ता बघितला गं,” तो म्हणाला. “आलेला दिसतोय. सांगू का?”

“सांग.”

त्यानं सांगितला. चार, शून्य, सात, सात, एक, नऊ. एकेक आकडा सावकाश, जसा तो रोज सकाळी सांगतो. तिनं मध्ये अडवलं नाही.

“झालं का काम?”

“मुदत संपली दादा.”

मग तो म्हणाला, “मला खरंच वाटलं की... मग आता?”

“आता काय. सकाळी गाळ्याचा ओटीपी येईल. तो तेवढा लगेच सांग.”

हन्नानं सुरी खाली ठेवली होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं नाही, लागली का यादी. ती फक्त म्हणाली, “ते वरचं पितळी पातेलं मी काढून घासून ठेवलं हुतं. राहू दे आता खालीच. रोजच्याला होईल.”

ते सहा आकडे सत्यशीलाच्या डोक्यातून गेले नाहीत. ज्या आकड्यांचं आयुष्य पान उघडं असेपर्यंतच असतं, तेच आकडे घट्ट रुतून बसले, आणि वर्षानुवर्षं बसलेले बाकीचे हलायला लागले. दुसऱ्या सकाळी कुणाचा तरी आधार नंबर टाकताना तिनं मधेच चार, शून्य, सात, सात असं लिहिलं आणि खोडलं. गहिनीनाथांची जन्मतारीख आठवेना. “काका, तारीख सांगा.” गहिनीनाथ दचकले. “मला कुठं ठावं? दुष्काळाच्या वर्साची हाय एवढंच आई सांगायची. तूच टाकायचीस की.” त्यांना घरी जाऊन कागद आणावा लागला. ती हे ठरवून करत होती की तिला खरंच आठवत नव्हतं, ते तिलाही सांगता आलं नसतं. लोक मात्र बोलायला लागले. शांतवन मास्तरांच्या पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणीतरी म्हणालं, तिला शहाळं द्या, डोकं थंड ऱ्हाईल. रांग वाढली. गाळ्याचा वेग गेला.

ती जोसेफच्या पद्धतीनंच मेन पाडत होती आणि सकाळी तिच्या नावाची यादी परत येत होती. नावासमोर हिरवं बटन. शाळेच्या खऱ्या पानावर आता दुसऱ्या मुलीचं नाव लागलेलं असणार, कदाचित ती रुजूही झाली असेल, दोन खोल्यांत तिचं सामान लागलं असेल. इथं मात्र मुदत अजून चालू होती. वरचं बटन दाबलं की हे जाणार, हे तिला माहीत होतं. ती ते दाबत नव्हती. गिऱ्हाईक उठून दुसरं बसेपर्यंतच्या मोकळ्या क्षणात ती त्या पानावर जाई आणि आपलं नाव वाचे. तिथं ती अजून निवडलेली होती. तिथं आई सामान बांधत होती. सकाळ झाली की ते सगळं तिच्यापुढं येऊन उभं राही, आणि तेवढं बघून ती दिवसभर खुर्चीत बसू शके.

पौष संपत आला होता. एका सकाळी तिनं मेन वर केला. बनुबाई आधीच येऊन बसल्या होत्या, कोपर फळीवर. गाळ्याचे आकडे जोसेफला अजून विचारायचे होते. अलीकडं तो फोन पहिल्याच घंटीला उचलतो. पडदा उजळला. ब्राऊझरनं विचारलं, कालची पानं परत आणू का?

तिचं बोट नेहमीच्या जागी गेलं आणि तिथंच थांबलं.

“काय झालं गं?” बनुबाई म्हणाल्या.

सत्यशीलानं त्या प्रश्नाच्या कोपऱ्यातली फुली दाबली. मग आत जाऊन, जवळ साठवलेलं सगळं पुसून टाकायचा हुकूम दिला. कॉम्प्युटरनं खात्री करून घेतली. तिनं हो म्हटलं. पडदा कोरा झाला. डावी कडही कोरी झाली.

“आँ? गेलं का समदं?”

“गेलं.”

“माझं पेन्शनबी?”

“तुमचं पेन्शन तिकडं लांब हाय मावशी, त्याला काय होत न्हाई. इथलं जवळचं तेवढं गेलं.”

“मग आता?”

“आता पुन्हा मागवायचं. उशीर लागंल. आणि नंबर तुमी सांगायचा.”

“मला कुठं येतोय?”

“कार्ड आणलंय का?”

बनुबाईंनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं, डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. “हा पैला काय हाय? आठ हाय का तीन?”

“तुमी वाचा.”

“आठ,” बनुबाई म्हणाल्या. “आठ... मग दोन.” त्या एकेका आकड्यावर बोट ठेवून थांबत होत्या. सत्यशीला एकेक लिहीत होती. पडद्यावर पान अजून आलं नव्हतं, नुसतं वर्तुळ फिरत होतं. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला, गाळ्याचं शटर थरथरलं, एक काजळी आत येऊन टेबलावर बसली.

“लई येळ लावतंय गं आज.”

“तुमाला घाई हाय का?”

“छ्या. बसते की मी,” बनुबाई म्हणाल्या आणि कोपर फळीवर आणखी नीट टेकले. “मला कुठं जायचंय?”

सत्यशीलानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. मग त्या कोपरांकडं, आणि त्यांच्याखालच्या फळीकडं.

“मावशी,” ती म्हणाली, “पुढचा आकडा सांगा. आणि हात जरा फळीवरनं काढा.”